काळ्या ज्वारीची मूठ

आधी मामांचं सांगते. काय झालं ते मागून येईलच.

मामा म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. संग्रहालयाच्या दारावर खाकी शर्ट घालून बसणारे रखवालदार. गाव पिशोर, वय साठीच्या पुढं, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. या शहरात मी आले तेव्हा नवरा सोडला तर ओळखीचं एक तोंड नव्हतं. चिकलठाण्याहून येताना रिक्षा कुठं बदलायची, हजेरीच्या वहीत सही कुठल्या रकान्यात करायची, साहेबांचा पारा चढला की किती वेळ समोर फिरकायचं नाही, हे सगळं मला मामांनी शिकवलं. डब्यात ठेचा जास्त झालाय म्हणत रोज निम्मा माझ्या भाकरीवर काढायचे. तो कधीच जास्त झालेला नसायचा. आणि एकदा, भरलेल्या हॉलमध्ये, ते माझ्यासाठी खोटं बोलले. त्या खोट्यापायी त्यांचं काम गेलं आणि माझं राहिलं. हे मी लिहितेय ते त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, वाळत घातलेल्या फडक्यांच्या शेजारी बसून.

माझी शाळा सातवीतच सुटली. पुढची शाळा नदीपल्याड होती आणि घरात दोन धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. त्यामुळं लिहिताना अजून हात अडतो, कुणीतरी मागून वाचतंय असं वाटतं. तशी मला धास्ती सगळ्याचीच. खोलीतून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन पुन्हा ओढते. नवरा कंपनीत मशीनवर आहे. तो हसतो. त्याला हसू दे.

माझं गाव इथून लई लांब, किनवटाच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. आमच्या वस्तीवर दात यायच्या आत गेलेलं लेकरू जाळत नाहीत आणि मसणवट्यातही नेत नाहीत. घराच्या मागच्या भिंतीला लागून ठेवतात. दोन मडकी घ्यायची, एका मापाच्या तोंडाची. एकात लेकरू ठेवायचं, पोटात असतं तसं गुडघे दुमडून. दुसरं वरून पालथं घालायचं, तोंडाला तोंड, आणि सांधा चिकणमातीनं लिंपायचा. त्याआधी घरातली म्हातारी मूठभर ज्वारी तव्यावर पार काळी होईस्तोवर भाजते आणि आत सोडते. लेकराची वाटेवरची शिदोरी. काळा दाणा उगवत नाही, म्हणून तसा. हे दुःख त्या घरात पुन्हा उगवू नये. दाण्याचं म्हातारी कुणाजवळ बोलत नाही आणि आई तिला विचारत नाही. मडकं एकदा बंद झालं की झालं. कुणी उकरत नाही, कुणी बघत नाही.

माझी मुलगी नऊ दिवसांची होती. मला आतल्या खोलीत झोपवलं होतं. करपलेल्या ज्वारीचा वास आला तेव्हा मला कळलं की आता बाहेर काय चाललंय.

त्यानंतर वर्षभरात आम्ही इकडं आलो. नवऱ्याच्या ओळखीनं मला हे साफसफाईचं काम मिळालं. संग्रहालय एका खासगी ट्रस्टचं आहे. जुनी दगडी इमारत, पाच दालनं. नाणी, तलवारी, हिमरूचे शेले, बिदरी हुक्के, आणि शेवटच्या दालनात जमिनीखालून काढलेल्या वस्तू. पहिल्या दिवशी मी चार दालनं पुसून पाचव्यात शिरले, हातात वर्तमानपत्राचा ओला बोळा. मधोमध काचपेटी, वर पिवळा दिवा. आत दोन मडकी.

तोंडं वेगळी केलेली. वरचं मडकं तारेनं टांगलेलं, जसं आत्ताच कुणी झाकण उचलून बघितलंय. खालच्याची एक बाजू कापून काढलेली, आतली माती तशीच, आणि मातीत हाडं. काडीएवढ्या बरगड्या. कवटी एका अंगाला कललेली, आमच्या मुलीची मान झोपेत कलायची तशी. खाली पाटी होती, काही हजार वर्षांपूर्वीचं बालक.

मी बाहेर आले आणि पायऱ्या झाडायला लागले. त्या सकाळीच झाडून झाल्या होत्या. मामांनी स्टुलावरून बघितलं. पायऱ्या दुसऱ्यांदा झाडून झाल्यावर पाण्याचा तांब्या पुढं केला.

हळूहळू त्यांच्याकडून कळलं. तरुणपणी मामा गोदावरीकाठच्या एका खोदकामावर मजूर होते. हे मडकं त्यांच्याच हातानं निघालं होतं. ते सांगताना नेहमी अर्ध्या बोटाकडं बघायचे, बोट काही त्या कामात गेलं नव्हतं तरी.

"आमच्यात हाडाला हाडच म्हणतात, माय," ते म्हणाले. "जीव गेला की गेला. मी काय भूतखेत मानत नाय. पण ते झाकलेलं होतं. सांधा लिंपलेला होता, मातीत बोटांचे ठसे होते. बारीक बोटं, बाईची. म्या खुरप्यानं सांधा फोडला. साहेब लोकांनी फोटो काढले, मला शाब्बास म्हणले."

मग म्हणाले की त्या दिवशी दुपारी त्यांना भाकर गेली नव्हती, आणि ते त्यांनी आजवर घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी काचपेट्या उघडून आतली धूळ काढायची. त्याचा नियम असा की काच उघडताना दोघं हजर पाहिजेत आणि दोघांनी रजिस्टरात सही करायची. पाचव्या दालनाच्या रजिस्टरात कायम दोनच सह्या, मामांची आणि माझी. हे ध्यानात ठेवा.

एका सोमवारी मी पदराच्या गाठीत ज्वारी घेऊन गेले. आदल्या दिवशी तव्यावर भाजली होती. खोलीभर वास झाला, नवरा खोकत बाहेर गेला. त्यानं काय करपवलंस असं विचारलं नाही, म्हणजे त्यालाही कळलं असणार. माझं वय म्हातारीचं नव्हतं, पण त्या लेकराची म्हातारी कुठून आणायची? काच उघडली, ब्रशनं कडा झटकल्या, आणि गाठ सोडून मूठ आत रिकामी केली. दाणे मातीत बरगड्यांच्या मागं गेले, दिसेनासे झाले. मामा माझ्यामागं उभे होते. मी वळले तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"आम्हाला तव्हा सुचलं नाय," एवढंच म्हणाले, आणि रजिस्टर पुढं सरकवलं.

दाणा गेला, पण मडकं उघडंच होतं. माझ्या डोक्यातून ते जाईना. शेवटी धीर करून साहेबांकडं गेले. साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. गोड बोलणारा माणूस. मला खुर्ची दिली, चहा मागवला. या इमारतीत मला खुर्ची देणारा तो पहिला माणूस, मामांचं स्टूल सोडलं तर. मी हात जोडून म्हटलं, साहेब, ते मडकं झाकून ठेवता येईल का, वरचं खाली लावून. बाहेर पाटी राहू द्या, चित्र लावा, पण लेकरू झाका. का म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. दोन मडकी, लिंपलेला सांधा, मागची भिंत, नऊ दिवस. ते मान हलवत वहीत लिहीत होते. मला वाटलं अर्ज लिहितायत. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, इतका चांगला माणूस. दाण्याचं तेवढं सांगितलं नाही. एक तर ते बोलायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे मी चोरून टाकले होते. निघताना त्यांनी मोबाइलवर माझा फोटो काढला. मी पदर नीट केला.

महिन्याभरानं पाचव्या दालनात नवा फळा लागला. माणसाच्या उंचीचा. त्यावर मी. पदर नीट केलेली, डोळे ओले. वर मोठ्या अक्षरात जिवंत परंपरा, आणि खाली माझं सगळं बोलणं. भिंत, मडकी, नऊ दिवसांची मुलगी. एका बाजूला हाडं आणि दुसऱ्या बाजूला मी, मधे पिवळा दिवा.

त्या दिवसापासून मी काच पुसत असले की लोक आधी फळ्याकडं बघत, मग माझ्याकडं. कॉलेजच्या पोरी विचारत, आंटी, तुमच्यात अजून असं करतात का? एकीला माझ्याबरोबर फोटो पाहिजे होता, मडकं मागं दिसेल असा. एक गृहस्थ बायकोला हळू आवाजात म्हणाले, बघ, हीच ती. मी रुमालानं तोंड बांधून पुसायला लागले. धुळीची ॲलर्जी आहे म्हणून सांगायचे.

पंधरा दिवस काढले आणि साहेबांना गाठलं. ते बाहेरगावच्या पाहुण्यांना दालन दाखवत होते. मी थांबायला पाहिजे होतं, पण आवाजच निघाला. फोटो काढा साहेब, मी म्हटलं, आणि त्याला झाका.

"अगं, लोकांचे फोटो आयुष्यात पेपरात येत नाहीत, तुझा संग्रहालयात लागलाय," साहेब हसत म्हणाले. मग पाहुण्यांकडं बघून, "आणि मला एक सांग, त्या हाडांशी तुझं नातं काय लागतं?"

पाहुणे हसले. फार नाही, पाहुणे हसतात तेवढं.

त्या दिवसापासून मी त्या माणसाचं मनात काय काय केलं ते लिहायला वही पुरायची नाही. त्याच्या फिल्टरच्या भांड्यात फरशीचं पाणी टाकलं. त्याला काचपेटीत उकिडवा बसवून वर पिवळा दिवा लावला, आणि शाळेची सहल आत सोडली. त्याच्या आईचा, बायकोचा, सगळ्या गोताचा फळा केला. रिक्षात बसले की हे सुरू व्हायचं आणि चिकलठाण्याला उतरेस्तोवर चालायचं. खोलीचं कुलूप ओढून बघायची आठवणसुद्धा राहीना. इतकी वर्षं जिला सगळ्याची भीती वाटायची तिला एकदम कसलीच वाटेना. सुडाची ही एक चांगली सोय आहे.

आणि मग त्यानं स्वतःच्या हातानं दोर माझ्याकडं दिला.

एका पुस्तकासाठी मडक्याचे जवळून फोटो घ्यायचे होते. फोटोवाल्याच्या मोठ्या दिव्यात बरगड्यांमागं काहीतरी काळं दिसलं. साहेबांनी चिमट्यानं एक उचललं, तळहातावर घेतलं, खिडकीपाशी गेले. मी तिथंच फरशी पुसत होते. माझं फडकं फरशीवर थांबलं. पण साहेबांचा चेहरा बघितला आणि मी पुन्हा पुसायला लागले. तो चेहरा चोरी पकडलेल्या माणसाचा नव्हता, खजिना सापडलेल्या माणसाचा होता.

दोन दिवसांत इमारतभर झालं. साहेबांना प्राचीन ज्वारी सापडली. साधं धान्य मातीत कुजून जातं, जळून काळं झालेलंच हजारो वर्षं टिकतं, असं ते फोनवर ज्याला त्याला सांगत होते. इतक्या जुन्या मडक्यात आपल्याकडं ज्वारी म्हणजे केवढी मोठी गोष्ट, आणि तीही लेकराच्या पोटाशी ठेवलेली. माझ्याकडून भिंतीपासून सांध्यापर्यंत सगळं लिहून घेतलं होतं, तरी त्यांना एकदाही वाटलं नाही की या बाईला विचारावं, तुमच्यात आत काही ठेवतात का. माझं सांगून संपलं होतं त्यांच्या लेखी. मी आता फळ्यावर होते.

ट्रस्टनं कार्यक्रम ठरवला. साहेबांचा सत्कार, पत्रकार, आणि पुण्याहून जुन्या धान्याच्या जाणकार बाई येणार. मामांनी मला गेटाच्या बाजूला घेतलं.

"सांगून टाक माय. अजून येळ हाय. चुकून झालं म्हण."

"चढू द्या त्यांना," मी म्हटलं.

"आन पडले की?"

"पडायलाच चढवतेय."

मामा म्हणाले की खोदकामावर एक शिकले होते, खड्ड्याच्या काठावर उभं राहून माती ओढली की काठ ओढणाऱ्याच्याच पायाखालून सुटतो. मी ऐकलं नाही. उलट कार्यक्रमाच्या सकाळी ती काच मी अशी पुसली की आयुष्यात पुसली नव्हती. आधी ओल्या कागदानं, मग सुक्या, मग पदरानं. साहेबांनी माती बाजूला करून उघडे केलेले दाणे लांबूनही स्पष्ट दिसले पाहिजेत. आणि माझ्या मुठीत, रुमालात बांधून, नव्यानं भाजलेली ज्वारी होती. साहेबांचं भाषण रंगात आलं की सरळ पुढं जायचं आणि सगळ्यांसमोर टेबलावर ओतायची, हे ठरलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

हॉल भरला. साहेबांच्या गळ्यात हार, टेबलावर ताटात शाल आणि नारळ. मी भिंतीला टेकून पाण्याच्या ग्लासांच्या ट्रेमागं. पुण्याच्या बाई पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या, पर्समधून भिंग काढून बशीत आणलेले दाणे बघत होत्या. खूप वेळ बघितलं. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, की खोदकामाच्या वेळी मडक्यातली माती चाळली नव्हती का? तेव्हाच दाणे कसे सापडले नाहीत?

साहेब म्हणाले, "त्या काळचे मजूर, मॅडम. अडाणी माणसं. चाळलं असेल नाहीतर नसेल."

दारातून आवाज आला.

"मैद्याच्या चाळणीनं चाळली होती माती."

सगळ्यांनी माना वळवल्या. मामा स्टुलावरून उठून उभे होते, टोपी हातात. "दोनदा चाळली. मीच होतो तो मजूर. चिमूटभर माती बी वाया जाऊ दिली नव्हती. तव्हा आत दाणा नव्हता."

पुण्याच्या बाईंनी भिंग खाली ठेवलं. साहेबांचा हार हललाही नाही. मग आले कुठून, असं ते म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांनाच आठवलं. काच उघडताना दोघंच असतात. रजिस्टरात दोनच सह्या. त्यांची नजर मामांवरून निघाली आणि हॉलच्या भिंतीभिंतीनं माझ्याकडं यायला लागली.

माझी वेळ हीच होती. यासाठीच तर तवा तापवला होता. पण त्या नजरेसमोर मला गॅस आठवला, कुलूप आठवलं, खोली आठवली, पोलीस कसे येतात ते आठवलं. पाठ केलेलं वाक्य आठवेना. रुमाल मुठीत तसाच बांधलेला राहिला. मी एक पाऊल टाकलं असेन, ट्रेमधले ग्लास वाजले. मामांनी माझ्या मुठीकडं बघितलं.

"दाणं म्या टाकलं," ते म्हणाले.

पुण्याच्या बाईंनी शांतपणे विचारलं, का टाकलेत?

"उपाशी दिसलं, बाई. लई दिवसाचं."

पत्रकारांमधून कुणीतरी फुसकन हसलं, मग दुसरं, आणि एकदम हॉलच हसायला लागला. पण मामांना नाही हसले. साहेबांना हसले. कालच्या ज्वारीला इतिहास समजून हार घालून बसलेल्या माणसाला. एक जण फोनवर बोलत होता, अरे, रखवालदारानं टाकलेले दाणे निघाले. मी ते हसू डोळे मिटून ऐकलं. पाहुण्यांच्या त्या हसण्याची परतफेड झाली. लपवून काय करू, मला बरं वाटलं. मामा दारात एकटे उभे होते तेव्हासुद्धा, आधी मला बरं वाटलं.

पुण्याच्या बाई निघण्याआधी पाचव्या दालनात आल्या. मी काचेपाशी होते. त्यांनी फळा वाचला, फोटो बघितला, माझ्या तोंडाचा रुमाल बघितला. बहुतेक त्यांना सगळं कळलं.

"हा फोटो तुम्हाला विचारून लावलाय?"

"नाही."

त्यांनी पेटीकडं मान वळवली. "आणि याला तर कुणी विचारणारच नव्हतं," म्हणाल्या. "तुमच्यात हे उघडं ठेवतात?"

"बघायचंच नसतं, बाई."

त्या तिथूनच ट्रस्टच्या लोकांकडं गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात पिवळा दिवा बंद झाला, फळा निघाला.

त्या संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर टेबल आवरायला मला सांगितलं. साहेब अजून खुर्चीतच होते. शालीचं ताट तसंच पुढ्यात. मी ग्लास उचलले, फुलं गोळा केली, आणि मग रुमाल सोडून मूठ त्यांच्या ताटात रिकामी केली. शालीवर, नारळावर काळे दाणे पसरले. आमच्यात काळी ज्वारी फक्त गेलेल्याबरोबर देतात. जित्या माणसाच्या ताटात टाकली तर तो आपल्यासाठी गेला, त्याचं आता काही लागत नाही, असा अर्थ. माझ्या माहितीत आमच्या वस्तीवर कुणी कुणाला तशी टाकलेली नाही. मी टाकली.

साहेबांनी एक दाणा उचलला. ओळखला.

"म्हणजे तू."

"आमचं सगळं लिहिलंय ना साहेब तुम्ही फळ्यावर," मी म्हटलं. "हे तेवढं राहिलं होतं."

हे ते कुणाला सांगणार नव्हते. सांगणार कसे? एका रखवालदारानं फसवलं म्हणून गाव हसलं होतं, आता झाडूवालीनं फसवलं म्हणून पुन्हा हसवायचं? त्यांनी रुमालानं दाणे झटकले. मी उभी राहून झटकताना बघितलं, मग वाकून फरशीवरचे वेचून घेतले, कारण झाडायचं मलाच होतं.

साहेब अजून इथंच आहेत. समोरून आले की जिन्याच्या दुसऱ्या बाजूनं जातात. मी मुद्दाम त्याच बाजूला फरशी पुसायला काढते. मला त्यांची दया आलेली नाही आणि येईल असं वाटत नाही. पण मामांना त्याच आठवड्यात काढलं. पुरातन वस्तूशी छेडछाड, असं कागदावर लिहिलं. खाकी शर्ट धुऊन, घडी घालून परत दिला त्यांनी. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. सूड माझा होता आणि काठ त्यांच्या पायाखालचा सुटला.

मागच्या महिन्यात एका सोमवारी रजा टाकून पिशोरला गेले. मामा आता एकाच्या आल्याच्या शेतावर राखणीला असतात. बांधावरच्या लिंबाखाली खाटेवर बसले होते. मला बघून आधी डबा उघडला, ठेचा जास्त झालाय म्हणाले.

"हितं रानडुकरं येत्यात," त्यांनी सांगितलं. "पाहुण्यांपेक्षा बरी. पाट्या वाचत नाय, फोटो काढत नाय."

खाऊन झाल्यावर मी विचारलंच, की तुम्ही खोटं का बोललात? मी रडत होते, त्यांनी ते बघितलं नाही असं केलं. अर्ध्या बोटानं मातीत रेघ ओढत राहिले.

"तुझा दाणा होता, माय, पर सांधा म्या फोडला होता. उघडं केलेलं कुणीतरी झाकायचं की नाय?" मग म्हणाले, "झाकलं का पण नीट?"

मी सांगितलं, झाकलं. पुण्याच्या बाई पुन्हा आल्या होत्या, त्यांच्यासमोर मीच दोन्ही मडकी तोंडाला तोंड लावली, कापलेल्या बाजूला कपडा बांधला आणि लाकडी पेटीत ठेवली. पेटी वरच्या कोठारात आहे. चावी ऑफिसात असते, पण धूळ मी पुसते.

"म्हंजे मातीत नाय अजून," मामा म्हणाले.

नाही म्हटलं. लांब आल्याच्या वाफ्यात पाणी सुटल्याचा आवाज येत होता.

बाई म्हणाल्या होत्या की काही ठिकाणी अशी हाडं परत जमिनीत ठेवतात, अर्ज करावा लागतो, ट्रस्टची मंजुरी लागते, वेळ लागतो. तो अर्ज मी लिहायला घेतलाय. सातवीची अक्षरं आहेत, चार कागद वाया गेले, पाचवा चाललाय. साहेबांच्या सहीशिवाय तो पुढं जाणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि ती सही ते का देतील हेही ठाऊक आहे. रुमालात अजून ज्वारी आहे माझ्या, आणि दाणे खरे कुणी टाकले ते गावाला सांगायचं अजून बाकी आहे.

मामा, वेळ लागेल. पण एक दिवस मी तुम्हाला पिशोरहून न्यायला येईन, गोदावरीच्या काठी तुम्ही जिथं खड्डा घेतला होता त्या जागेवर. खड्डा मी घेईन. सांधा लिंपायला चिकणमाती मी भिजवून देईन, आणि लिंपायचं तुम्ही, तुमच्या त्याच हातानं.